मोहाडीतून परदेशी विद्यापीठात शिकवायला जाताना: व्हिसाआधी गावातच उरकायची कामे

परदेशी विद्यापीठातून निवडीचा ईमेल आला की घरात पहिला प्रश्न निघतो तो व्हिसाचा. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी एजंटचा नंबर टाकतो. पण भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावातून पोस्ट-डॉक्टरल संशोधक, व्याख्याता किंवा पाहुणा प्राध्यापक म्हणून जाणाऱ्याचा खरा वेळ व्हिसाच्या रांगेत कमी आणि त्याआधीच्या कागदांत जास्त जातो. व्हिसाची तारीख निदान ऑनलाइन दिसते. आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडेल की नाही, कॉलेज अनुभवपत्र कोणत्या शब्दांत देईल, पदवी प्रमाणपत्रावर आडनाव कसे छापले आहे, हे कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. एकदा विमानात बसल्यावर तर यातले प्रत्येक काम कितीतरी पटीने अवघड होते, कारण सही करणारा एका खंडात, मूळ कागद दुसऱ्या खंडात आणि ओटीपी येणारा फोन बंद.

म्हणून कामांचा क्रम उलटा लावावा. जे परदेशातून करता येत नाही ते आधी, जे तिथे गेल्यावरही होऊ शकते ते नंतर. मोहाडी भंडाऱ्यापासून साधारण २० किलोमीटरवर तुमसर रस्त्याला आहे. तहसील गावात, जिल्हाधिकारी कार्यालय भंडाऱ्यात, विद्यापीठ आणि पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात, मंत्रालय आणि बहुतेक देशांचे वाणिज्य दूतावास मुंबईत. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते, पण एका कागदासाठी एक फेरी असे करत बसले तर तीन महिने पुरत नाहीत.

आलेल्या पत्रात काय असते आणि काय नसते

विभागप्रमुखाचा 'तुमची निवड झाली' असा ईमेल म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे. नियुक्तीपत्र विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाकडून येते. त्यात पद, कालावधी, वार्षिक पगार आणि रुजू होण्याची तारीख असते. त्यानंतर तिसरा कागद येतो, ज्याच्या आधारावर व्हिसा मिळतो: अमेरिकेच्या जे-१ साठी डीएस-२०१९ फॉर्म, ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजकत्वाचा क्रमांक, जर्मनीत संशोधकासाठी विद्यापीठाशी झालेला करार, जपानसाठी पात्रता प्रमाणपत्र. हा तिसरा कागद हाती येईपर्यंत तिकीट काढू नये आणि नोकरीचा राजीनामा तर मुळीच देऊ नये.

पत्राला उत्तर देताना काही गोष्टी सरळ विचाराव्यात. विचारल्याने निवड रद्द होत नाही. व्हिसाचे शुल्क आणि विमानभाडे विद्यापीठ देते का? देत असल्यास आधी देते की पावत्या दाखवल्यावर? पहिला पगार कोणत्या तारखेला? आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून लागू आहे का? जोडीदाराला तिथे काम करता येईल का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारायला लाजतात, आणि घरातली दुसरी कमाई बंद झाल्यावर पस्तावतात. अमेरिकेत जे-१ धारकाच्या जोडीदाराला परवान्यासाठी अर्ज करून काम करता येते. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला ठरावीक परिस्थितीतच ती मुभा आहे.

खोट्या पत्रांचाही सुळसुळाट आहे. नियुक्तीसाठी 'प्रक्रिया शुल्क' किंवा 'अनामत' मागणारे पत्र खोटे समजावे. पाठवणाऱ्याचा पत्ता विद्यापीठाच्या अधिकृत डोमेनचा आहे का ते पाहावे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या प्राध्यापकाचा ईमेल स्वतः शोधून त्यावर एक ओळ टाकून खात्री करावी. पत्रातच दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही.

नाव: सगळ्यात लहान चूक, सगळ्यात मोठा ताप

महाराष्ट्रातल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नावाचा वेगळा. तिथे बहुतेक जण स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र लिहितात. आधारवर तिसराच क्रम, शोधनिबंधांवर फक्त आद्याक्षरे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या बाबतीत बीएस्सीपर्यंतचे नाव एक आणि पीएचडीचे दुसरे. आपल्याकडे हे सगळे एकाच माणसाचे कागद आहेत हे कुणालाही कळते. परदेशातल्या मनुष्यबळ विभागातल्या कारकुनाला ते चार माणसांचे वाटतात.

यावर उपाय म्हणजे पासपोर्टवरचे नाव पाया धरणे. नियुक्तीपत्र, व्हिसाचा फॉर्म, विमानाचे तिकीट, विमा या सगळ्यांवर पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न बदलता नाव यावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल आणि सगळे नाव एकाच रकान्यात असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर ते सगळे नाव आडनाव धरले जाते आणि नावाच्या जागी 'नाव अज्ञात' या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे छापून येतात. मग बँक खात्यापासून वाहन परवान्यापर्यंत तेच नाव चिकटते.

जुन्या कागदांतल्या फरकासाठी दोन वाटा आहेत. स्पेलिंग किंवा क्रमाचा फरक असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. नाव खरोखर बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. लग्न झाले म्हणून पासपोर्टवर आडनाव बदलणे सक्तीचे नाही. जिचे शोधनिबंध माहेरच्या नावाने आहेत तिने ते नाव तसेच ठेवणे अनेकदा सोयीचे पडते. शोधनिबंधांसाठी ओआरसीआयडी हा मोफत ओळख क्रमांक घेतला, की वेगवेगळ्या नावांनी छापलेले लेखन एका जागी जोडता येते.

जन्माची नोंद आजोळी असते

विदर्भात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. त्यामुळे मोहाडीत वाढलेल्या माणसाची जन्मनोंद मोहाडीत असेलच असे नाही. ती आजोळच्या ग्रामपंचायतीत असते, बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर भंडारा, तुमसर किंवा नागपूरच्या पालिकेत असते, आणि आजोळ बालाघाटकडचे असेल तर थेट मध्य प्रदेशात. कारण नोंद आई-वडिलांच्या पत्त्यावर नव्हे, जन्म जिथे झाला तिथे होते. जुन्या नोंदीत बाळाचे नावच नसते, फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि वडिलांचे नाव. अशा नोंदीत नाव चढवून घ्यावे लागते.

पासपोर्ट काढताना जुन्या पिढीला शाळा सोडल्याचा दाखला चालला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना मात्र जन्मदाखलाच लागतो. शाळेच्या दाखल्यावर पासपोर्ट मिळाला म्हणून जन्मदाखल्याची गरज संपली असे अनेकांना वाटते. मुलांचा आणि जोडीदाराचा व्हिसा, पुढे कायम वास्तव्याचा अर्ज, काही देशांत बालभत्ता, या सगळ्यांसाठी जन्मदाखला मागतात. नोंदच सापडली नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असे प्रमाणपत्र घ्यावे. जन्माला एक वर्ष उलटून गेल्यावर नवी नोंद करायची तर सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून अशा उशिरा केलेल्या नोंदींची तपासणी कडक झाली आहे. हे काम महिन्याभराचे धरू नये.

विवाह नोंदणीचेही तसेच. लग्नपत्रिका आणि हॉलमधले फोटो व्हिसा अधिकाऱ्याला पुरत नाहीत. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात पालिकेकडे लग्नाची नोंद होते. ९० दिवस उलटून गेले असले तरी दंड भरून ती करता येते. नोंद करताना साक्षीदारांच्या सह्या लागतात. बारा वर्षांपूर्वीच्या लग्नाचे साक्षीदार आज पुण्यात आणि सुरतेत असतात, हे लक्षात घेऊन दिवाळीत किंवा घरच्या एखाद्या लग्नात सगळे जमतात तो मुहूर्त साधावा.

पदव्या आणि शिक्के

भंडारा जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत ते १९२३ मध्ये 'नागपूर विद्यापीठ' म्हणून स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्याचे नाव 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' झाले. त्यामुळे एखाद्याची बीएस्सी एका नावाच्या विद्यापीठाची आणि पीएचडी दुसऱ्या नावाच्या विद्यापीठाची दिसते. परदेशी विद्यापीठाला कागद पाठवताना सोबत एका ओळीची टीप जोडावी, की ही एकच संस्था आहे. ही टीप नसल्यामुळे आठवडाभर ईमेलची देवाणघेवाण चालू शकते.

तात्पुरते पदवी प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. दीक्षान्त समारंभानंतरचे मूळ प्रमाणपत्र अर्ज करून घ्यावे लागते, आणि नोकरी लागल्यावर अनेक जण ते घ्यायचेच विसरतात. सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, ज्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, तोही विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून वेगळा मागावा लागतो. मूल्यांकन करणाऱ्या काही परदेशी संस्था तो उमेदवाराच्या हातून घेत नाहीत. तो विद्यापीठाकडून थेट यावा लागतो. अर्ज करताना दोन-चार सीलबंद प्रती जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात, कारण पुढची नोकरी पुन्हा हेच मागते.

आता शिक्क्याबद्दल. आपला कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून त्यावर सरकारची मोहोर लागते, तिला अपोस्टिल म्हणतात. याबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला. शैक्षणिक कागदांवर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम आहे. मंत्रालय कागद थेट नागरिकाकडून घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फत घेते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे, त्यावर त्या संस्थेचा सेवाआकार. एजंट हजारोंचा आकडा सांगतो तेव्हा तो मुंबईच्या फेऱ्यांचे आणि आपल्या घाईचे पैसे मोजून घेत असतो.

अपोस्टिल सगळीकडे चालत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आला, म्हणजे त्याआधी गेलेल्या मित्राचा अनुभव आज लागू नाही. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, तिथे दूतावासाचे साक्षांकन लागते. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर तिने हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय अपोस्टिल जर्मनीत ग्राह्य धरले जात नाही. तिथे गरज पडली तर जर्मन दूतावास स्वतःच्या पद्धतीने कागदांची पडताळणी करतो, आणि पदवीसाठी 'अनाबिन' या जर्मन माहितीसाठ्यात आपले विद्यापीठ कोणत्या श्रेणीत आहे ते पाहतात. म्हणून विद्यापीठाने लेखी मागितल्याशिवाय एकाही कागदावर पैसे घालू नयेत.

कॉलेजातली नोकरी: सोडायची की धरून ठेवायची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेतली. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षांनी परतता आले ते या परवानगीमुळे. याच भंडारा मतदारसंघातून त्यांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली होती.

अनुदानित महाविद्यालयातल्या पूर्णवेळ प्राध्यापकासाठी आज परतीची वाट म्हणजे रजा आणि धारणाधिकार, ज्याला सगळे 'लिएन' म्हणतात. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सलग तीन वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते. ती आधी दोन वर्षांपर्यंत मिळते आणि एक वर्ष वाढवता येते. परतल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना सात वर्षांच्या सेवेनंतर सबॅटिकल रजा आहे, ती एका वेळी एक वर्षापर्यंत. याशिवाय बिनपगारी असाधारण रजा. यातली कोणती मिळेल हे संस्थेवर, विद्यापीठावर आणि शासनाच्या मान्यतेवर अवलंबून असते. म्हणून अर्ज पत्र आल्याच्या आठवड्यातच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. 'सर, तुम्ही जा, आम्ही बघून घेऊ' हे तोंडी आश्वासन प्राचार्य निवृत्त झाले की त्यांच्यासोबत जाते. रजेच्या काळात ज्येष्ठता, वेतनवाढ आणि भविष्य निर्वाह निधीचे काय होणार, हे आदेशात लिहिलेले असावे.

ग्रामीण भागातल्या कितीतरी पीएचडीधारकांना मात्र हा प्रश्नच पडत नाही, कारण ते तासिका तत्त्वावर शिकवतात. ना रजा, ना धारणाधिकार. त्यांना मिळवायचा असतो तो फक्त अनुभवाचा पुरावा, आणि त्यातच बहुतेकांची अडचण होते. 'सीएचबीवर कार्यरत होते' एवढ्या एका ओळीचे पत्र परदेशात कुणाला कळत नाही. अनुभवपत्र इंग्रजीत, लेटरहेडवर घ्यावे. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणते वर्ग, कोणता विषय, प्रात्यक्षिके घेतली का, विद्यापीठाची मान्यता होती का, हे सगळे यावे. मसुदा स्वतः तयार करून न्यावा. कार्यालयातल्या बाबूंकडून कोरा कागद लिहून घेण्यापेक्षा लिहिलेल्या कागदावर सही घेणे लवकर होते. मानधनाच्या पावत्या आणि बँकेचा उतारा सोबत ठेवावा. ज्या संस्थेत कारभारी बदलतात तिथे दोन वर्षांनी जुन्या तासिकांचे रजिस्टर सापडत नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात, पण नेमके

अमेरिकेत विद्यापीठे संशोधकाला बहुतेक वेळा जे-१ वर बोलावतात. त्यात एक अट लपलेली असते: काहींना कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पूर्वी बऱ्याच भारतीयांना ही अट विषयांच्या यादीमुळे लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव त्या यादीतून निघाले. पण भारत किंवा अमेरिका सरकारच्या पैशावर गेलेल्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीधारकांना, ती अजूनही लागू होते. डीएस-२०१९ आणि व्हिसाच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचावे. एच-१बीच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. विद्यापीठाने तो मार्ग सुचवला असेल तर हे शुल्क आपल्या अर्जाला लागते का आणि कोण भरणार, हे आधी लेखी घ्यावे.

जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते, आणि अर्जात गेल्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. विसरलेले जुने खातेही त्यात येते. घाबरून सगळे पुसून टाकणे शहाणपणाचे नाही, लपवणे त्याहून वाईट.

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्रातूनच क्षयरोग तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, गावातल्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. काही विज्ञान व तंत्रज्ञान विषयांसाठी 'अ‍ॅटास' नावाची पूर्वपरवानगी लागते. ती मोफत आहे, पण आठवडे खाते. शिवाय प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी एकदम भरावा लागतो. तीन वर्षांसाठी नवरा-बायको आणि मूल असे जायचे तर हा एकच आकडा घराचा हिशेब कोलमडवतो. म्हणून विद्यापीठ तो परत देते का, हे नियुक्तीच्या वेळीच विचारावे.

शेती, बँक आणि मोबाइलचा नंबर

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. बँक स्वतः विचारायला येत नाही, म्हणून हे राहून जाते. चालू असलेले पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही. अनिवासी व्यक्तीला वडिलोपार्जित किंवा आधी घेतलेली शेती ठेवता येते, वारसाने मिळू शकते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पीएम-किसानचा हप्ताही अनिवासी व्यक्तीला लागू नाही. तो येत राहिला तर पुढे वसुली होऊ शकते.

भंडारा हा धानाचा जिल्हा. सातबारा आपल्या नावावर आणि आपण परदेशात, तर ई-पीक पाहणी कोण करणार? तिचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो. ती नोंद नसेल तर आधारभूत केंद्रावर धान विकताना अडते. फार्मर आयडी, आधारशी जोडलेले बँक खाते, सामायिक सातबाऱ्यावरचे वाद, हे सगळे निघण्यापूर्वी मार्गी लावावे. भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचे तर ते दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन नोंदवणे सगळ्यात सोपे. परदेशातून करायचे तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा अपोस्टिल करून पाठवावे लागते, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात अधिकार मोजून द्यावेत: पीक कर्ज, धानविक्री, वीजबिल, तहसीलची कामे. विक्रीचा अधिकार गरज नसताना देऊ नये. भावांमधले प्रेम कागदात मोजायचे नसते हे खरे, पण कोर्टातल्या बऱ्याच दाव्यांचे मूळ अशाच मोघम कागदात असते.

भारतातला मोबाइल नंबर जिवंत ठेवणे हे वरवर किरकोळ काम आहे. आयकर, डिजिलॉकर, बँक, आधार, विद्यापीठाचे पोर्टल, सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सलग ९० दिवस वापर झाला नाही तर सिम बंद होऊ शकते आणि काही काळाने तो नंबर दुसऱ्याला मिळतो. रोमिंग सुरू असलेला छोटा रिचार्ज घालत राहावे, वाय-फाय कॉलिंग निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

मुलांची लस, घरची औषधे आणि चिन्नोर

प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी वेळापत्रकानुसार मुलांना गोवर-रुबेलाची लस मिळते. अमेरिकेतल्या शाळा मात्र गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तिहेरी लस मागतात, शिवाय कांजिण्यांची. या दोन्ही आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत, खासगीत घ्याव्या लागतात आणि दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावे लागते. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात हे होत नाही. मराठीतले लसीकरण कार्ड डॉक्टरांकडून इंग्रजीत तारखांसह लिहून घ्यावे.

दातांची आणि चष्म्याची कामे इथेच उरकावीत, परदेशी विम्यात ती बहुधा नसतात. नेहमीच्या औषधांचा दोन-तीन महिन्यांचा साठा आणि रासायनिक नावासह इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी. सर्दीच्या गोळ्याही तपासाव्यात: स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत.

भंडाऱ्याचा माणूस चिन्नोर तांदळाशिवाय कसा जाणार? पण भारतातून तांदूळ अमेरिकेत सामानात नेता येत नाही. खपरा नावाच्या किडीमुळे तिथे ती बंदी आहे, आणि विमानतळावर पिशवी कचऱ्यात जाते. युरोपीय संघात दूध व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही नाही. भेट द्यायची तर आंधळगावचे कोशाचे कापड न्यावे, त्याला कुणी अडवत नाही. मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत, सामानात नव्हे. १९१७ मध्ये आंबेडकर एका बोटीने मायदेशी आले आणि त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली होती. ती बोट पाणबुडीने बुडवली.

पोहोचल्यावरचे पहिले दिवस

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. हॉटेलात राहून हे बहुधा होत नाही, आणि नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक आणि बरीचशी बँक खाती अडून राहतात. घरभाड्याची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. घर न पाहता ऑनलाइन अनामत मागणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. विद्यापीठाचे अतिथिगृह पहिल्या महिन्यापुरते मिळाले तर महाग वाटले तरी घ्यावे.

अमेरिकेत जे-१ वर कार्यक्रमाच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंतच प्रवेश मिळतो. पोहोचल्यावर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात लगेच हजेरी नोंदवावी लागते, न नोंदवल्यास व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. आरोग्य विमा एका आजारपणाला किमान १ लाख डॉलरचा असणे जे-१ साठी बंधनकारक आहे. एक सवलत मात्र पुष्कळांना ठाऊक नसते: भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २२ नुसार शिकवायला किंवा संशोधनाला गेलेल्या भारतीयाचा पगार दोन वर्षांपर्यंतच्या मुक्कामासाठी अमेरिकी आयकरातून सुटू शकतो. त्यासाठी पगार सुरू होण्यापूर्वी विद्यापीठाच्या वेतन विभागाला फॉर्म ८२३३ द्यावा लागतो. मुक्काम दोन वर्षांहून लांबला तर ही सवलत पहिल्या दिवसापासून काढून घेतली जाऊ शकते. म्हणून ज्याचा करार तीन वर्षांचा आहे त्याने ती मागण्यापूर्वी विद्यापीठाच्या कर सल्लागाराला विचारावे.

भाषेचे काय, हा प्रश्न जर्मनी, जपान किंवा लॅटिन अमेरिकेला जाणाऱ्याला पडतोच. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चापिंगो येथील कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, तिथे स्पॅनिशमध्ये शिकवले, मक्यावर संशोधन केले, आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. प्रयोगशाळेत इंग्रजी भागते. पालिकेच्या खिडकीवर, मुलाच्या शाळेत आणि भाजीच्या दुकानात भागत नाही. व्हिसाची वाट पाहण्यात जे दोन महिने जातात, त्यात आकडे, वार, पत्ता आणि 'हळू बोला' इतके तरी शिकून होते.